नवीन डीप फ्रीझर रात्रभर आवाज करतोय, यातलं नेहमीचं काय आणि बिघाडाचं काय? (सांगली)

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी,

आम्ही नुकताच घरासाठी डीप फ्रीझर घेतला. आडवा, वर झाकण असलेला. आमचं घर गावभागातलं, जुनं. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचा फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर सगळं पाण्यात गेलं, तेव्हापासून विजेची मोठी वस्तू खाली ठेवायची नाही असं घरात ठरलंय. म्हणून फ्रीझरही माडीवर चढवला, फ्रिजच्या शेजारी. माडीची जमीन लाकडी फळ्यांची आहे आणि बरोबर खाली सासूबाईंची खोली.

आवाज सांगते. चालू असताना घुंऽऽ येतो, पण एकसारखा नाही. चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. थांबताना ठक्. थांबल्यावर काही मिनिटं आतून गुळगुळ, मध्येच स्स्स. मध्यरात्री कधीतरी एकदम कडाड्! सासूबाई दचकून उठतात, त्यांना वाटतं वर कुणीतरी चालतंय. शिवाय झाकण लावलं की फुस्स होतं आणि लगेच परत उघडायला जावं तर उघडतच नाही.

सर्व्हिसचा माणूस येऊन गेला. तो आला तेव्हा मशीन नेमकं थांबलेलं होतं. "नॉर्मल आहे ताई" म्हणाला आणि सही घेऊन गेला. असेलही नॉर्मल. पण आवाज का येतो ते कुणी समजावलं तर घरातल्यांना शांत झोप लागेल. कुलिंग चांगलं आहे, मटार आणि आमरस कडक गोठलेत.

शाहूपुरी_सातारा

ताई, कुलिंग चांगलं आहे ना, मग निम्मी काळजी सोडा. आमच्याकडे उभा फ्रॉस्ट फ्री (आतला बर्फ आपोआप वितळवणारा) फ्रीझर आहे, सीझनला महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी भरून ठेवतो. तो याहून जास्त आवाज करतो. आतल्या पंख्याचा वारा बराच वेळ ऐकू येतो, दार उघडलं की थांबतो. आणि अधूनमधून टक् होऊन सगळं गप्प, मग आत चर्र चर्र. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वायर जळतेय असंच वाटलं होतं. तो डिफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवायचा हीटर. कॉइलवरचा (थंड करणाऱ्या नळ्यांवरचा) बर्फ वितळून थेंब गरम हीटरवर पडतात. अर्ध्या तासात परत थंड करायला लागतो. तुमच्या आडव्या फ्रीझरमध्ये बहुतेक हीटर नसेल, त्यामुळे हा आवाज तुम्हाला यायचा नाही.

फ्रिजवाला_मिरज

ताई, तुम्ही आवाज इतके नीट सांगितलेत की माझं काम सोपं झालं. मी दुरुस्तीचंच काम करतो. लोक फोनवर "लई आवाज येतोय" एवढंच सांगतात. आवाज कसला यापेक्षा तो कधी येतो हे कळलं की कारण सापडतं. सुरू होताना, चालू असताना, थांबताना की थांबल्यावर?

थांबतानाचा ठक् कॉम्प्रेसरचा. मागे खाली तो काळा डबा असतो ना, त्याच्या आत मोटर आणि पिस्टन स्प्रिंगांवर बसवलेले असतात. मोटर थांबताना हेलकावा खाते आणि डब्याला आतून लागते. स्प्रिंगा नसत्या तर तुमची अख्खी माडी हादरली असती.

गुळगुळ आणि स्स्स गॅसचा. कॉम्प्रेसर गॅस दाबतो. तो बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटलेल्या नळ्यांमध्ये उष्णता सोडतो आणि पातळ, म्हणजे द्रव होतो. (फ्रीझरच्या बाहेरच्या बाजू हाताला कोमट, कधी चांगल्याच गरम लागतात त्या यामुळेच. तोही बिघाड नाही.) मग कॅपिलरी नावाची नळी लागते, तिचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक. तिच्यातून गॅस आतल्या कॉइलमध्ये सुटतो आणि तिथे उकळतो. हो, उकळतोच. हल्लीच्या बहुतेक घरगुती मशीनमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. तो साध्या हवेच्या दाबाला उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो. कॉइलमध्ये दाब त्याहून कमी ठेवतात म्हणून आणखी खालच्या तापमानाला उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता तुमच्या मटारातून ओढून घेतो. पातळ गॅस आणि वाफ एकाच नळीतून धावतात, त्याचा गुळगुळ.

मशीन थांबलं तरी एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. तो कॅपिलरीतून सावकाश सारखा होत राहतो. तीन-चार-पाच मिनिटं लागतात. त्या वेळी मोटरचा आवाज नसतो, म्हणून हा जास्त ऐकू येतो. कुलिंग चांगलं असताना गुळगुळीकडे लक्ष देऊ नका.

कडाड् आतल्या भांड्याचा, म्हणजे अस्तराचा. आत उणे १८, बाहेर सांगलीचा उन्हाळा. आतला पत्रा आणि प्लास्टिक आकसतं, पुन्हा सैल होतं, साठलेला बर्फ तडकतो. एकदम बरंच सामान भरलं की त्या रात्री जास्त येईल. दिवसाही येतो, फक्त रस्त्याच्या आवाजात कळत नाही.

झाकणाचं सांगतो. उघडलं की बाहेरची गरम, दमट हवा आत जाते. लावल्यावर ती झटकन थंड होऊन आकसते, आत दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण खाली दाबते. फुस्स म्हणजे झाकणाच्या कडेच्या रबरातून हवा आत शिरते ती. मिनिट-दोन मिनिटं थांबलं की झाकण सहज उघडेल. ताकद लावून ओढू नका, हँडल आणि बिजागरी खराब होतात. झाकण असं घट्ट बसतंय म्हणजे तुमचं रबर चांगलं आहे.

राहिला चढता-उतरता घुंऽऽ. शेजारी फ्रिज आहे म्हणालात, तिथेच शंका येते. दोन्ही एकाच वेळी चालू असतानाच तो आवाज येतो का, बघा.

निवृत्त_विश्रामबाग

दादा, माहिती फार चांगली दिलीत, पण एक मनापासून सांगतो. "नॉर्मल आहे" या शब्दावर माझा विश्वास राहिलेला नाही. आमच्या फ्रिजला दर थोड्या वेळाने टक् यायचं, मग जरासा घुंऽ, पुन्हा टक्. मेकॅनिकने तेच सांगितलं, नॉर्मल आहे. वॉरंटी संपली आणि पुढे काही दिवसांतच कॉम्प्रेसर बसला. खर्च आमच्या गळ्यात. माझ्यासारख्या माणसाने काय ओळखायचं? नेहमीचे आवाज कळले, आता जे ऐकल्यावर लगेच फोन करायचा ते आवाजही सांगा.

फ्रिजवाला_मिरज

काका, तुमचं म्हणणं रास्त आहे. तुमच्याकडे जो आवाज होता तो नेहमीचा नव्हताच. टक्, काही सेकंद घुंऽ, टक्, मग थोडी मिनिटं शांत, आणि पुन्हा तेच चक्र. याचा अर्थ कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघतोय, होत नाही, आणि ओव्हरलोड (मोटर जास्त तापली की वीज तोडणारा छोटा भाग) त्याची लाईट तोडतोय. ओव्हरलोड गार झाला की पुन्हा प्रयत्न. कारण कधी डाऊन व्होल्टेज, कधी खराब रिले (मोटर सुरू करून देणारा भाग), कधी खुद्द मोटर. रिले स्वस्तातली वस्तू आहे. ती वेळेवर बदलली तर कॉम्प्रेसर वाचू शकतो. हा आवाज ऐकला की मशीन बंद करून माणूस बोलवायचा, "बघू उद्यापर्यंत" करायचं नाही. दर वेळी मोटर तापते आणि वाइंडिंग, म्हणजे तिच्यातली तारेची गुंडाळी, कमजोर होतं.

एकच अपवाद. लाईट जाऊन लगेच आली की हेच चक्र एखाद-दुसऱ्यांदा ऐकू येऊ शकतं. वर सांगितलं तसा दाब सारखा झालेला नसतो आणि मोटरला त्या दाबाविरुद्ध सुरू होता येत नाही. दाब उतरला की ती उठते. पाच-दहा मिनिटांतही उठली नाही तर बिघाड समजायचा.

दुसरा आवाज खरखर, काहीतरी घासल्यासारखा. फ्रॉस्ट फ्रीमध्ये कॉइलवर बर्फ वाढून पंख्याच्या पात्याला लागतो. दार उघडल्यावर थांबला तर पंख्याचाच. मशीन बंद करून, दार उघडं ठेवून सगळा बर्फ वितळू द्यायचा. परत काही दिवसांत तेच झालं तर डिफ्रॉस्टचं सर्किट बिघडलंय.

तिसरं, साधं मशीन दिवसरात्र एका क्षणाचीही उसंत न घेता चालतंय आणि आत माल मऊ पडतोय. आवाज अगदी नेहमीचा असतो, म्हणूनच लोक फसतात. गॅस कमी झालाय किंवा रबर गेलंय. शांत फ्रीझर म्हणजे चांगला फ्रीझर असं नाही.

पत्र्याची किणकिण, थरथर असेल तर फ्रीझरच्या अंगावर तळहात दाबून बघा. आवाज बदलला तर तो बाहेरचा, नळी कशाला तरी टेकली असेल किंवा वर काही ठेवलं असेल. मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरपाशी मात्र हात घालू नका, तो चांगलाच तापलेला असतो.

तासगाव_द्राक्षबाग

आम्ही वस्तीवर राहतो. संध्याकाळी व्होल्टेज १७० च्या खाली जातं. स्टॅबिलायझर आहे, तरी टक् टक् चालूच असतं. हा फ्रीझरचा की स्टॅबिलायझरचा, कसं ओळखायचं?

फ्रिजवाला_मिरज

दादा, स्टॅबिलायझरवर कान ठेवा. व्होल्टेज वर-खाली झालं की त्यातले रिले बदलतात, तो टक् कोरडा आणि सुटा असतो. त्याच्या मागून मोटरचा घुंऽ सुरू होऊन बंद पडत नाही. काट्यावर किंवा आकड्यावर त्याच वेळी हालचाल दिसेल. फक्त स्टॅबिलायझर किती व्होल्टपासून काम करतो ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. १७० पासूनचा असेल आणि तुमच्याकडे १५० येत असतील तर त्याचा उपयोग नाही. आणि टाइम डिले असलेलाच घ्या. लाईट आल्यावर तो तीनेक मिनिटं थांबून मग फ्रीझरला देतो. वस्तीवर सारखी जा-ये असते, तिथे याने कॉम्प्रेसरचं आयुष्य खरंच वाढतं.

लाईट बराच वेळ गेली तर झाकण उघडून "किती विरघळलंय" बघत बसू नका. पूर्ण भरलेला फ्रीझर झाकण बंद असेल तर साधारण ४८ तास धरतो, अर्धा भरलेला २४ तास.

जवारी

मी फ्रिजमधला माणूस नाही. मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवण्याचं काम करतो. धागा वाचला आणि त्या चढत्या-उतरत्या आवाजापाशी थांबलो, कारण असा आवाज ऐकणं हा आमचा रोजचा धंदा आहे.

आमच्या घरच्या फ्रिजला ट्यूनर (सूर मोजायचं यंत्र) लावून बघितला. १०० हर्ट्झ. खालच्या सप्तकातली पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) ९८ ला असते, काळी चार जवळजवळ १०४ ला. म्हणजे मशीन पांढरी पाचच्या किंचित वर बोलतं. आपली वीज ५० हर्ट्झची, मोटरमधला चुंबक एका आवर्तनात दोनदा ओढतो, म्हणून १००. हा सूर सगळ्या घरांत हाच. पण त्याच्या जोडीला मोटर फिरल्याचा, पिस्टनचा स्वर असतो, तो मशीनगणिक थोडा वेगळा. या मोटरी मिनिटाला २८०० ते २९०० फेरे मारतात, नेमके किती ते भारावर ठरतं. आता एक मशीन सेकंदाला ४८ फेरे आणि शेजारचं साडेसत्तेचाळीस घेत असेल, तर दोन्ही स्वर जवळजवळ जुळतात पण पूर्ण जुळत नाहीत, आणि दर दोन सेकंदांनी एक लाट येते. जोडीच्या तारा लावताना आम्ही हीच आंदोलनं ऐकतो. लाटा संथ होत होत थांबल्या की तारा जुळल्या. तुमच्या दोन मशीनना कुणी जुळवणार नाही, म्हणून लाटा चालूच राहतात.

आता लाकडाचं. तंबोऱ्याची तार नुसती दोन खुंट्यांवर ताणून छेडली तर हातभर अंतरावरही नीट ऐकू येत नाही. मोठा आवाज देतात तबली (भोपळ्यावर बसवलेली पातळ लाकडी फळी) आणि भोपळा. तुमच्या घरी कॉम्प्रेसर ही तार झाली, माडीच्या फळ्या तबली झाल्या आणि सासूबाईंची खोली म्हणजे भोपळा. त्या बरोबर भोपळ्याच्या आत झोपतात, मग त्यांना वर कुणी चालतंय असं वाटणारच. फरशीवर ठेवला असता तर हाच फ्रीझर तुम्हाला जाणवलाही नसता.

करून बघायचं असेल तर तीन गोष्टी. फळ्यांच्या मधोमध नको, तुळईच्या वर आणि भिंतीजवळ ठेवा, तिथे फळी कमी हलते. पायांखाली जाड रबर घाला. आणि भिंतीला किंवा फ्रिजला टेकू देऊ नका.

फ्रिजवाला_मिरज

वा! इतकी वर्षं हा आवाज ऐकतोय, पण पांढरी पाच आजच कळली. लाटांचं कारण बरोबर आहे, मलाही तोच संशय होता.

दोन गोष्टी जोडतो. वॉशिंग मशीनखाली घालतात तसले रबर पॅड चालतील, पण चारही सारख्या जाडीचे हवेत. एक पाय जरी उचलला गेला तरी झाकण नीट बसणार नाही आणि खडखड वाढेल. आणि भिंतीजवळ म्हणजे भिंतीला लागून नव्हे. बाजूंनी उष्णता बाहेर जायला हवी, चार बोटं तरी जागा सोडा, माहितीपुस्तकात जास्त सांगितली असेल तर तेवढी. सरकवताना आडवा-तिरका केला तर काही तास सरळ उभा ठेवून मगच चालू करा, कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं. नुसता सरकवला तर लगेच चालू केला तरी चालेल.

गावभाग_सांगली

सगळ्यांचे आभार. काल रात्री दोन्ही चालू असताना फक्त फ्रिजचं बटण बंद केलं. लाटा तिथल्या तिथे गेल्या! फ्रीझरचा आवाज राहिला, पण सपाट, एकसारखा. परत चालू करताना थोडा वेळ थांबले, वर वाचलंच होतं. मशीन उठलं की लाटा हजर.

आज यांनी आणि दिराने मिळून फ्रीझर सरकवला, खालून तुळई जाते तिच्यावर घेतला. सरकवताना झाकणावरचा स्टीलचा डबा काढला, त्यात मी रबरबँड आणि पिशव्या ठेवते, तर एक बारीक थरथर एकदम गेली. ती त्या डब्याच्या झाकणाची होती, आम्ही ती मशीनची समजत होतो. पॅड उद्या आणतो. सासूबाई म्हणतात घुमणं बरंच कमी झालंय. कडाड् येतंच, पण आता कारण माहीत आहे म्हणून कुणी उठून बसत नाही.

एक विचारायचं होतं. आतल्या बाजूंना बर्फाचा थर धरायला लागलाय. शेजारच्या काकू म्हणाल्या उलथन्याने खरवडून टाक, आवाजही कमी होईल.

फ्रिजवाला_मिरज

ताई, उलथनं, सुरी, स्क्रू ड्रायव्हर, काहीही लावायचं नाही. हे अगदी कळकळीने सांगतोय. तुमच्या फ्रीझरच्या आतल्या पत्र्याला लागूनच कॉइल आहे. टोक लागलं की भोक. माझ्याकडे येणाऱ्या गॅस गेलेल्या आडव्या मशीनमध्ये सुरीचं भोक नेहमीचं असतं, आणि कॉइल पत्र्यामागे फोममध्ये असल्याने दुरुस्ती अवघड, कधी कधी अशक्य.

आणि बर्फ काढताना कधी बारीक स्स्स ऐकू आला, जो थांबत नाही आणि जिथे खरवडलं तिथूनच येतोय, तर तो वर सांगितलेला नेहमीचा आवाज नाही. आयसोब्युटेन जळणारा वायू आहे, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच कुळातला. घरगुती मशीनमध्ये तो थोडाच असतो, १५० ग्रॅमच्या आत, पण ठिणगी नको. दारं-खिडक्या उघडा, शेगडी-उदबत्ती पेटवू नका, जवळची बटणं आणि प्लग चालू-बंद करू नका, आणि माणसाला बोलवा. कॉम्प्रेसरवरच्या लेबलवर ज्वालेचं चिन्ह असेल तर गॅस जळणारा आहे असं समजा.

बर्फ साधारण अर्धा सेंटिमीटर झाला की मशीन बंद करा, माल चादरीत गुंडाळून एकत्र ठेवा, झाकण उघडं टाका. कोमट पाण्याचं पातेलं आत ठेवलं तर लवकर सुटतो. सोबत आलेला प्लास्टिकचा स्क्रॅपर सुटलेल्या बर्फाला चालतो.

शाहूपुरी_सातारा

जाता जाता माझाही एक प्रश्न. भावाने वाईला इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रीझर घेतलाय. त्याचा आवाज बारीक सूंऽ असा आहे, कधी मोठा होतो, कधी अगदी कमी, पण थांबत जवळजवळ नाहीच. तुम्ही म्हणालात न थांबता चालणं वाईट, म्हणून तो घाबरलाय.

फ्रिजवाला_मिरज

त्याला सांगा, तो नियम साध्या कॉम्प्रेसरचा. साध्या मोटरला एकच वेग माहीत, म्हणून ती थंड झालं की थांबते. इन्व्हर्टरवाली वेग बदलते, मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांपासून चार हजारांपर्यंत. माल भरला किंवा दार जास्त उघडलं की जोरात आणि वरच्या आवाजात, मग हळू. हळूहळू पण बराच वेळ चालत राहणं हेच तिचं काम, वीज त्यातच वाचते. तिला थांबलेली बघायचीच नाही, आतलं तापमान बघायचं. साधा थर्मामीटर मालाच्या मधे ठेवून सकाळी बघा. उणे १८ च्या आसपास असेल तर मशीन ठीक. दिवसभर दार उघडलेलं नसताना आवाज सतत वरच्याच पट्टीत राहिला आणि तापमान उणे दहाच्या वर चढत गेलं, तर फोन करा. आणि माणूस येईल तेव्हा मशीन गप्प असतं हे ठरलेलं आहे, त्यामुळे आवाज येत असतानाच मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, फ्रेममध्ये घड्याळ दिसेल असा. आवाज किती वेळाने परत येतो ते त्यात दिसलं की मला किंवा कुणाही मेकॅनिकला नुसतं "नॉर्मल आहे" म्हणून निघून जाता येत नाही.